कुर्ल्याची प्रीमियर: कारखाना की नुसती जोडणी?

वागळेचा_फिटर:
ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा सगळ्यांनी गळे काढले. पण प्रीमियरच्या ट्रकची आठवण कुणाला आली? वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही मोटार कंपनी काढली. १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, डिसोटो गाड्या आणि फारगो ट्रक कुर्ल्यातून बाहेर पडू लागल्या. फियाट नंतरची. माझे आजोबा आग्रा रोडवर (आताचा लालबहादूर शास्त्री मार्ग) ठाण्यापर्यंत फारगोच चालवायचे. हा इतिहास ट्रकपासून सांगायला हवा, असं माझं ठाम मत.

घोडबंदरची_सून:
"बाहेर पडू लागल्या" म्हणजे काय हो दादा? खोक्यांतून सुटे भाग यायचे, इथे नटबोल्ट आवळायचे. ते काम जनरल मोटर्स शिवडीत १९२८ पासून करत होती. पहिला मान मग तिलाच द्या.

वागळेचा_फिटर:
देतो की! पण १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या (आयात-कराबाबत सल्ला देणाऱ्या सरकारी आयोगाच्या) शिफारशीवरून सरकारने बजावलं, गाडी टप्प्याटप्प्याने इथेच बनवणार असाल तरच राहा. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने शिवडीला टाळं लावलं. प्रीमियर राहिली. त्याआधी युद्धाच्या काळात वालचंदांनी मोटार कारखान्यासाठी किती खेटे घातले, पण इंग्रज सरकारने दाद दिली नाही. नाहीतर खोकी फोडण्याचे दिवस आधीच सरले असते.

शीळफाटा_जाम:
राहिली आणि झोपली. १९६४ ची फियाट ११०० डी, नाव बदलून 'पद्मिनी' केलं आणि जवळपास २००० पर्यंत तीच विकली. परवाना राजमध्ये गिऱ्हाईकच नंबर लावून उभं, मग नवं काही करायला कोण जातंय? पुढे आमच्या डोंबिवलीकडे प्यूजो ३०९ काढली, तोही संसार दोन-चार वर्षांत मोडला. आता प्रीमियर म्हटलं की मैदान आठवतं, सभेचं.

वागळेचा_फिटर:
झोपली हे कबूल. पण त्या झोपेवर आमची शेड चालली राव! ठाण्याची वागळे इस्टेट ही कारखान्यांची वसाहत १९६२ ची. तिथे मी लेथवर पद्मिनीचे बुश (दांड्याभोवती बसणारी धातूची नळी) उतरवलेत, खोक्यातून नाही आले ते.

घोडबंदरची_सून:
बुश मान्य. पण तो पद्मिनीचा. तुमचा धागा ट्रकचा आहे ना? फारगोचा इथे बनलेला एक तरी भाग दाखवा.

वागळेचा_फिटर:
आजोबांची पत्र्याची पेटी माळ्यावर आहे. रविवारी उतरवतो.