जादा तासांपेक्षा फळ्यावरचा घसारा

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना कॉलेजात इंग्रजीतून शिकणं जड जातं, म्हणून त्यांच्यासाठी कॉलेज सुटल्यावर जादा तास घ्यावेत, असं सुचवलं जातं. हेतू चांगला आहे, पण पाचची एसटी चुकली की गावाकडच्या मुलीचं काय? शिवाय त्या वर्गाला ‘कच्च्यांचा वर्ग’ हे नाव पडायला आठवडाही लागत नाही.

मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला अकाउंट्स शिकवतो. एका मुलीला ‘डेप्रिसिएशन’ (वापरामुळे यंत्रं, फर्निचर यांची दरवर्षी घटणारी किंमत) विचारलं, ती गप्प. ‘घसारा’ म्हटल्याबरोबर तिने तो काढायच्या दोन्ही पद्धती उदाहरणासकट सांगितल्या. बारावीपर्यंत तेच तर शिकली होती! तेव्हापासून फळ्यावर दोन्ही शब्द लिहितो: ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. जेमतेम दोन मिनिटं जातात.

आणि शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी भर वर्गात ‘एससी-एसटीवाले उभे राहा’ म्हणणं आधी थांबवा. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, भेदभावाविरुद्ध 2012 सालीच नियम केलेत. आमच्याकडे ते कपाटात होते, कार्यालयात मागितल्यावर धूळ झटकून मिळाले. सूचना सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवली की काम होतं, कुणाला उभं करावं लागत नाही.