पिकअपच्या हौद्याला लायनर कुठला?
दादा, बोलेरो पिकअपला तयार प्लास्टिकचा लायनर, म्हणजे हौद्यात आतून बसवायचं आवरण, बसवू का विचारताय, तर माझं ऐका, नका बसवू. आपल्याकडं मार्केट यार्डात कांदा न्यायचा म्हणजे पोत्यातून माती गळणारच, ती पावसाच्या पाण्याबरोबर लायनरखाली जाऊन बसते, गाडी हादरली की घासत राहते, रंग उडतो आणि वरून काहीच दिसत नाही, पत्रा मात्र खालून गंजत जातो. शिवाय प्लास्टिक गुळगुळीत, ब्रेक मारला की माल सरकतो. त्यापेक्षा पॉलियुरियाचा स्प्रे, म्हणजे फवारून मारायचा चिवट थर, बरा; तो थेट पत्र्याला चिकटतो, पाणी शिरायला जागाच नाही, फक्त मारायच्या आधी पत्रा नीट घासतात का ते स्वतः उभं राहून बघा, तिथंच घाई करतात. बजेट कमी असेल तर जाड रबर मॅट टाका पण अधूनमधून उचलून खालचं धुऊन वाळवा. चेकर प्लेट, म्हणजे उठावदार नक्षीचा जाड पत्रा, मजबूत, पण तिचं वजन पेलोडमधून, म्हणजे गाडी जेवढा माल उचलू शकते त्यातून, जातं.