शब्दचर्चा: हृदयातल्या चेतापेशींचे वायुरूप संकेतरेणू

प्रश्न:
शरीरक्रियाशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणते आहे. हृदयातल्या चेतापेशी नायट्रिक ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करून संदेश देतात, असा विषय. इंग्रजीत यांना ‘गॅसोट्रान्समीटर’ म्हणतात. ‘वायुरूप चेतापारेषक’ चालेल का? कोणी ‘वायुसंप्रेरक’ही सुचवलं.

पहिलं उत्तर:
‘संप्रेरक’ नकोच. संप्रेरक ग्रंथीतून रक्तात मिसळतं आणि दूरच्या अवयवापर्यंत जातं, जसं इन्सुलिन. नायट्रिक ऑक्साइड काही सेकंदांतच संपतो. त्याची धाव आसपासच्या पेशींपुरतीच.

‘पारेषक’वर माझी हरकत वेगळी आहे. खरा पारेषक म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. चेतातंतूच्या टोकाशी तो पुटिकांत, म्हणजे सूक्ष्म पिशव्यांत, भरून ठेवलेला असतो, आवेग आला की बाहेर पडतो आणि समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतो. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगात ठोके मंदावणारा पदार्थ तो हाच. या वायूंची साठवण होतच नाही. हवे तेव्हा विकरं (एन्झाइम) ते तिथल्या तिथे बनवतात: नायट्रिक ऑक्साइड आर्जिनीनपासून, कार्बन मोनॉक्साइड हीम या रक्तातल्या लोहयुक्त घटकाच्या विघटनातून, हायड्रोजन सल्फाइड सिस्टीनपासून. पेशीपटल त्यांना अडवत नाही. नायट्रिक ऑक्साइड तर थेट आत शिरून ग्वानिलिल सायक्लेज या विकराला कामाला लावतो. ‘पारेषक’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे पुटिका आणि ग्राही येणार, म्हणून मी ‘वायुरूप संकेतरेणू’ म्हणेन.

दुसरं मत:
‘संकेतरेणू’ पटला, ‘वायुरूप’ खटकतो. शरीरात हे रेणू द्रवात विरघळलेले असतात, बुडबुडे नसतात. शिवाय मराठीत ‘वायू’ म्हटलं की वात आठवतो, वायू धरणं आठवतं. ‘हृदयात वायू’ वाचून माणूस घाबरेल. नुसतं ‘संकेतरेणू’ ठेवा.

पहिलं उत्तर, पुढे:
भीती रास्त आहे, पण ‘वायू’ काढला तर गाभाच जातो. रक्तवाहिनीच्या अस्तरातून तिला सैल करणारा पदार्थ निघतो, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं. तो पदार्थ म्हणजे साधा वायू आहे हे उमगायला पुढची काही वर्षं गेली, आणि वायू संदेश देऊ शकतो हीच त्यातली नवी गोष्ट होती. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं ते याच शोधमालिकेसाठी. शब्द ठेवा, आणि पहिल्या उल्लेखातच ‘पेशीतल्या द्रवात विरघळलेले’ असं जोडा.

एक सावधगिरी: ‘नायट्रिक’च्या जागी ‘नायट्रस’ पडू देऊ नका. नायट्रस ऑक्साइड म्हणजे भूल देताना वापरतात तो हास्यवायू, अगदी वेगळा रेणू.

प्रश्नकर्ती:
मग हे वाक्य पाहा: ‘अलिंदांच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या) बाहेरच्या चरबीत चेतापेशींच्या गुच्छिका असतात. परानुकंपी (शरीराला विसाव्याकडे नेणाऱ्या) चेतातंतूंच्या टोकांशी तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायुरूप संकेतरेणू अ‍ॅसिटिलकोलीनचं स्रवण वाढवतो आणि ठोके मंदावायला हातभार लावतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.’ ‘तयार होणारा’ की ‘होणारं’?

पहिलं उत्तर, पुढे:
‘होणारा’. संयुग म्हणून नपुंसकलिंगही चुकीचं नाही, पण इथे ‘वायू’ आणि ‘रेणू’ दोन्ही पुल्लिंगी आहेत. तिन्ही वायूंची नावं लेखभर पुल्लिंगीच चालवा.