गॅरेजच्या दारावर फोम नको, आधी फटी बुजवा

गॅरेजमधला आवाज घरात येऊ नये म्हणून गॅरेज आणि घर यांच्यामधल्या अग्निरोधक दाराच्या आतल्या बाजूला अंड्याच्या ट्रेसारखा फोम चिकटवा, असं वर एकाने सुचवलंय. कृपया तसं करू नका. तो फोम खोलीतला घुमणारा आवाज कमी करतो, पलीकडून येणारा अडवत नाही. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. गॅरेजमध्ये पेट्रोल, रंगाचे डबे असतात. तिथे लागलेली आग घरात शिरू नये म्हणूनच तर ते दार तिथे आहे.

आवाज मुख्यतः फटींतून येतो. दाराच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली, तर दार कितीही जाड असलं तरी २० डेसिबलच्या पुढे काही अडत नाही. म्हणून चौकटीभोवती रबरी पाकळी असलेली, उष्णतेने फुगणारी पट्टी लावा आणि खाली दार बंद होताच आपोआप उतरणारं सील. दोन्ही त्या अग्निरोधक दारासाठी चालतात ना, हे दाराच्या उत्पादकाकडून खात्री करून घ्या, कारण आगीची चाचणी दार, चौकट, बिजागऱ्या, कुलूप सगळ्यांची मिळून झालेली असते. गॅरेजमधला धूर आणि कार्बन मोनॉक्साइडही या पट्ट्यांमुळे बराच कमी येतो.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. पट्ट्या बसवल्यावर आमचं दार आपोआप लागेनासं झालं. रबराच्या दाबाने ते बोटभर उघडं राहायचं, खटका अडकायचाच नाही, आणि हे आठवडाभर लक्षातच आलं नाही. डोअर क्लोजरचा (दार आपोआप लावणाऱ्या यंत्राचा) जोर वाढवल्यावर नीट झालं. पट्ट्या लावल्यावर दार अर्ध्यातून सोडून बघा, खटका वाजला पाहिजे.