स्त्रीवादाचं काम संपलं म्हणे!

निम्मीशिफ्ट: 'सरळसोट' यांनी काल लिहिलं, "मत मिळालं, शिक्षण मिळालं, नोकऱ्या मिळाल्या. आता स्त्रीवाद म्हणजे लढाई संपल्यावरही रणशिंग फुंकत बसणं." तिथेच दोन ओळी खरडणार होते, पण हात आवरेना, म्हणून वेगळा धागा. मिळालं कधी, तेही सांगा की! स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मत मिळालं १९७१ला. आपेनझेल इनरऱ्होडेन प्रांताने तर १९९० पर्यंत ताणून धरलं, तेही कोर्टाने कान धरला म्हणून सोडलं. तिथे आज चाळिशीत असलेल्यांच्या आया प्रांताच्या सभेत हात वर करू शकत नव्हत्या. एवढ्यात संपलं?

सरळसोट: म्हणजे मिळालंच ना शेवटी? माझी बॉस बाई, तिची बॉसही बाई. पगाराच्या स्लिपवर स्त्री-पुरुष असा रकाना नसतो.

आडवाप्रश्न: मूल झालं की उगवतो तो रकाना. क्लॉडिया गोल्डिनना २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल उगाच नाही मिळालं. श्रीमंत देशांतही एकाच पेशातल्या दोघांच्या कमाईत खरी फट पडते ती पहिल्या मुलानंतर.

हुडहुडी: थोडं अवांतर. ऑफिसातला एसी! त्याचं गणित जुन्या काळच्या चाळिशीतल्या, सत्तर किलोच्या पुरुषावर बेतलेलं आहे, असं २०१५ साली दोन संशोधकांनी दाखवलं. आमच्या ओळीत प्रत्येकीच्या खुर्चीला एक स्वेटर लटकतोय. दुपारपर्यंत बोटं अशी गारठतात की पासवर्ड तीनदा चुकतो.

सरळसोट: घ्या, आता एसीही पुरुषसत्ताक! तुम्हाला स्वेटर चढवता येतो, मी काय कातडी सोलू?

हुडहुडी: "तुम्हीच काहीतरी घाला" हे उत्तर जन्मापासून ऐकतेय हो. आमच्याकडे तर रिमोट ड्रॉवरमध्ये कुलपात.

आडवाप्रश्न: किल्ली कोणाकडे?

हुडहुडी: ओळखा पाहू.

निम्मीशिफ्ट: अहो, विषय एसी नाहीये!!

सरळसोट: मग माझंही ऐका. बायको आजारी होती तेव्हा डबा, अभ्यास, रात्रीचा ताप, आठ दिवस सगळं मी काढलं. तर मुलाच्या शाळेचा ग्रुप मला घेईना. का, तर तो "फक्त आयांसाठी". यावर कुठला स्त्रीवादी तोंड उघडतो?

निम्मीशिफ्ट: मी उघडते. मूल म्हणजे आईचंच काम, हे गृहीत धरण्याशीच तर भांडण आहे आमचं! आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ला नव्वद टक्के बायकांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही एक दिवस बंद ठेवलं, बाप पोरांना घेऊन ऑफिसात आले. २०२३ला पुन्हा तेच केलं, आणि त्यात खुद्द पंतप्रधान बाई सामील झाल्या. बाकी आठ दिवसांचं तुमचं कौतुक आहेच, पण तुमच्या बायकोचे आठ दिवस कोणी मोजलेत का?

सरळसोट: टोमणा पोचला. ग्रुपपुरतं मान्य, जा. रणशिंगाचं वाक्य मागे घेणार नाही. आणि एसी बावीसच.

हुडहुडी: सव्वीस.