ऑप्टिकल स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर: ‘वर्णपट’ म्हणायचं का दुसरं काही?

ऐरोलीकर:
आमच्याकडे महापेला फायबरचे कंपोनंट टेस्ट होतात, लेझर, फिल्टर, स्प्लिटर वगैरे, आणि नवीन पोरांसाठी मी मराठीत नोट्स लिहितेय. त्यात ऑप्टिकल स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला, म्हणजे उजेडात कुठल्या तरंगलांबीची किती पॉवर आहे ते दाखवणाऱ्या मशीनला, ‘वर्णपट विश्लेषक’ लिहिलं, कारण मराठीत स्पेक्ट्रमला वर्णपट म्हणतात. तर गेल्या आठवड्यात एक पोरगा पॅचकॉर्डचं, म्हणजे मशीनला जोडायच्या फायबरच्या वायरचं, टोक डोळ्यासमोर धरून बघायला लागला, म्हणे मॅडम रंग कुठला येतोय बघतो. मी ओरडलेच. लेझर चालू होता, १५५० नॅनोमीटरचा, आणि आपल्या डोळ्याला दिसतं साधारण ४०० ते ७००. तो आधी लाइनवर, म्हणजे बाहेर केबलच्या कामावर होता, तिथे फॉल्ट शोधायला लाल पेन वापरतात त्याचा ६५० चा उजेड दिसतो, त्यामुळे त्याला वाटलं इथेही दिसेल. पण माझ्या शब्दानेच त्याला रंग शोधायला लावला हे मला फार लागलंय. दुसरा शब्द सुचवा ना.

वागळे इस्टेट:
ताई, मग ‘तरंगपट’ करा. मशीनच्या आत बारीक रेघांची ग्रेटिंग असते, ती प्रत्येक तरंगलांबीला वेगळ्या कोनात वळवते, आणि ग्रेटिंग फिरवत फिरवत एका फटीतून एकेकीची पॉवर मोजतात. स्क्रीनवर आडवी तरंगलांबी, उभी पॉवर, डीबीएम या एककात. यात रंग कुठे आला? चुकीचा शब्द एकदा रुळला की निघत नाही हो, पेपरवाले मोबाइलच्या स्पेक्ट्रमला ‘ध्वनिलहरी’ लिहितात, त्या रेडिओलहरी आहेत, ध्वनीचा काही संबंध नाही, तरी लिलाव आला की ध्वनिलहरींचाच.

कोपरखैरणे:
मला ‘वर्णपट’ सोडवत नाही. वर्ण म्हणजे नुसता रंग नाही, अक्षरसुद्धा, वर्णमाला म्हणतोच की आपण. डीडब्ल्यूडीएमचा, म्हणजे एकाच फायबरमधून वेगवेगळ्या तरंगलांब्यांवर बरेच सिग्नल पाठवतात त्याचा, स्क्रीनवरचा ट्रेस बघा, १५५० च्या आसपास १०० गिगाहर्ट्झ म्हणजे सुमारे ०.८ नॅनोमीटर अंतराने चॅनेल उभे असतात, ओळीत लिहिलेल्या अक्षरांसारखे. रिझोल्युशन, म्हणजे मशीन किती जवळच्या तरंगलांब्या वेगळ्या दाखवतं ते, ०.१ नॅनोमीटर ठेवलं तर प्रत्येक सुटं वाचता येतं, तेच २ नॅनोमीटर केलं की शेजारशेजारची चिकटून जोडाक्षर होतं आणि कुठला लेझर सरकलाय ते कळतच नाही. पोरांना मी रिझोल्युशन असंच शिकवतो आणि लगेच समजतं. ‘विभेदनक्षमता’ मात्र लिहू नका, बटणावर रिझोल्युशनच लिहिलेलं असतं.

वागळे इस्टेट:
जोडाक्षर आवडलं. पण त्या पोराने डोळा लावला तेव्हा त्याच्या मनात वर्ण म्हणजे रंगच होता ना दादा.

ऐरोलीकर:
दोघांचंही पटतंय. मी वर्णपट ठेवतेय, कारण उद्या पोराने कुठे शोधायला घेतलं तर हा शब्द सापडेल, तरंगपट कुठे शोधणार तो. पण नोट्सची पहिली ओळ आता अशी आहे: ‘यातला उजेड डोळ्याला दिसत नाही, फायबरच्या तोंडात बघू नका.’ हीच ओळ मोठ्या अक्षरात बेंचवर पण चिकटवली.

अजून एक, सिग्नलच्या खाली नॉइजची जी रेघ असते तिला ‘गोंगाट’ लिहिलं तर परत ध्वनिलहरीसारखंच होतं. मी ‘खरखर’ लिहिलंय, रेडिओची खरखर माहितीय सगळ्यांना, आणि ती रेघ दिसतेही खरखरीत.