बल्ब बदलल्यापासून समोरचे सगळे अप्पर मारतायत, हेडलाइट घरीच सेट होतो का?

निवांत_गडी
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात उजव्या हेडलाइटचा बल्ब उडाला, एच४ आहे, मीच घरी बदलला. तेव्हापासून डिपरवर असलो तरी समोरून येणारा जो तो अप्पर मारतोय, एकाने तर खिडकीतून हात काढून काय ते बोलून दाखवलं. आणि गंमत म्हणजे मला स्वतःला रस्ता आधीपेक्षा कमीच दिसतोय, झाडांचे शेंडे मात्र छान दिसतात. बॉनेट उघडलं तर हेडलाइटच्या मागे दोन स्क्रू आहेत, पांढरं दातेरी प्लास्टिकचं चाक असलेले. ते फिरवून लाइट खाली घेऊ का? साधारण किती आटे फिरवायचे?

पाना_दहा
स्क्रूला हात लावू नका अजून!! बल्ब बदलायच्या आधी लाइट बरोबर होता ना? मग स्क्रू आपोआप फिरत नाहीत, आधी बल्बच बघा. एच४ मध्ये दोन फिलामेंट असतात, त्यातल्या डिपरच्या फिलामेंटखाली एक बारीकशी वाटी असते, ती खालच्या अंगाचा प्रकाश अडवते म्हणून भिंतीवर कापल्यासारखी रेघ येते. बल्ब तिरका बसला की वाटीपण तिरकी, आणि मग प्रकाश वर सांडतो. तुमच्या झाडांच्या शेंड्यांचं कोडं तेच असावं असं मला वाटतं. बल्बला तीन कान असतात, ते एकाच प्रकारे खाचेत बसतात, जोर लावावा लागला म्हणजे चुकलं. आणि काचेला बोट नका लावू, हॅलोजन आहे, बोटाचं तेल लागलं की लवकर उडतो.

रातपाळी
पाना दादांना +१. मी हाच उद्योग केला होता, बल्ब वाकडा आणि मी बसले स्क्रू पिळत, दोन्ही स्क्रू, किती पिळले ते पण लक्षात नाही. मग बल्ब नीट बसवल्यावर लाइट बंपरसमोर दहा पावलांवर, म्हणजे जणू नाणं हरवलंय ते शोधायला निघाले. म्हणून हात लावण्याआधी मार्करने चाकावर आणि शेजारच्या प्लास्टिकवर एक आडवी खूण करा, आणि आटे मोजत जा.

भिंत_आणि_टेप
बल्ब बसवून झाला की मग तपासा, मी दर वेळी भिंतीवरच करतो. आधी टायरची हवा बरोबर भरा, डिकी रिकामी करा (डिकीत वजन असलं की मागचं बसतं आणि नाक वर येतं, मग लाइटपण वर), ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला तरी बसवा, आणि डॅशबोर्डवर हेडलाइट वरखाली करायचं बटण असेल तर ते ० वर. गाडी आधी भिंतीला अगदी नाक लावून उभी करा, दिव्याच्या मध्याची उंची मोजा, भिंतीवर दोन्ही दिव्यांसमोर टेपने फुली मारा. मग स्टिअरिंग न हलवता सरळ मागे या, दिव्यापासून भिंत ७.५ मीटर. पुढचा भाग दोनतीनदा दाबून सोडा म्हणजे सस्पेन्शन मोकळं होतं.

आता हिशोब. बऱ्याच गाड्यांच्या हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली स्टिकरवर टक्का छापलेला असतो, १% वगैरे. १% म्हणजे १० मीटरला १० सेंटीमीटर खाली, म्हणून ७.५ मीटरला ७.५ सेंटीमीटर. स्टिकरवर वेगळा आकडा असेल तर तोच धरा. समजा दिवा ६६ सेंटीमीटरवर आहे, तर रेघ ५८.५ वर यायला हवी आणि ती रस्त्यावर ६६ मीटर लांब टेकते. दुसऱ्यांना त्रास नको म्हणून अजून ५ सेंटीमीटर खाली घेतलंत तर फक्त ४० मीटर, साठच्या स्पीडला ते अडीच सेकंदात संपतं. त्यामुळे चांगुलपणा मापात.

रेघेचा एक भाग सपाट आणि एक वर चढणारा असतो, चढणारा भाग आपल्या कडेच्या बाजूला, म्हणजे डावीकडून गाड्या चालतात तिथे डावीकडे. जिथून चढ सुरू होतो तो कोपरा फुलीच्या खाली आला की आडवं माप बरोबर. एका वेळी एकच दिवा बघा, दुसऱ्यासमोर पुठ्ठा उभा करा, चिकटवू नका, पुढची काच बहुतेक प्लास्टिकची असते, तापून खराब होईल.

पाना_दहा
जमिनीचं राहिलं. सगळा उतार एकसारखा असेल तर फार फरक पडत नाही, गाडी आणि भिंतीचा पाया एकाच पातळीत हवेत एवढंच. गडबड होते ती मध्येच उतार मोडतो तिथे. मागच्या चाकापासून भिंतीपर्यंत गवंडी लावतात तशी दोरी ताणा, मध्ये फट दिसली तर जागा बदला. बाकी त्या मॅट्रिक्स (समोरच्या गाडीपुरता प्रकाश आपोआप झाकणाऱ्या) नाहीतर ऑटो लेव्हलिंगवाल्या (लाइटची उंची स्वतःच धरणाऱ्या) गाड्यांना घरी हात लावू नका, त्यांना गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो.

हौशी_चालक
मध्येच विचारतो, एच४ च्या जागी एलईडी बल्ब टाकला तर असंच सेट करता येईल का

भिंत_आणि_टेप
रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो, एलईडीची चिप तिथेच आणि तेवढीच नसली तर रेघच येत नाही. रेघच नाही तर सेट कशाला करणार.

निवांत_गडी
आज केलं. पाना दादा, पकडलंत! एक कान खाचेबाहेर होता आणि तारेची क्लिप मी वरून दाबून बसवलेली 🤦 आधी भिंतीवर उजवीकडे नुसता ढग होता, बल्ब नीट बसवल्यावर रेघ आली. दिवा ६६ वरच निघाला, डावी रेघ ५७.५, उजवी ६३. डाव्याला हात नाही लावला. उजव्याला खूण करून एक आटा फिरवला तर रेघ अजून वर गेली, मग उलटा, शेवटी ५८ ला सोडला. रात्री चक्कर मारली, एकानेच अप्पर मारला, तेव्हा माझाच अप्पर चालू राहिला होता.

रातपाळी
मस्त. मागची रबरी टोपी नीट बसवलीत ना? माझी अर्धवट राहिली होती, पहिल्याच पावसात आत वाफ धरली.

निवांत_गडी
बघून आलो, एका बाजूने उचललेलीच होती 🙏